सुनेत्राबाईंचा पाहुणचार

सुनेत्रा मगदूम एका दुपारी चहा घेऊन स्वतःच्या घरातून निघाल्या, "फार छान वाटलं हं तुमच्याकडं" असं स्वतःच्याच नवऱ्याला म्हणाल्या आणि गेल्या.

पण हे तुम्ही वाचलं नाही असं समजा. अधिकृतरीत्या ते घडलेलंच नाही. मनःस्वास्थ्य प्राधिकरणाच्या शेवटच्या नोंदीत सुनेत्राबाईंचं आत्मसौख्य शंभरात सत्त्याण्णव होतं, आणि एवढे गुण मिळवलेली बाई घर सोडून जात नाही असं प्राधिकरणाचं स्पष्ट मत आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू आणि पहिल्यापासून सांगू.

कृष्णाकाठच्या नांदरवाडीत तेव्हा बसगाड्या चालकाशिवाय धावत. गाडीचा मेंदू, रस्त्याचा मेंदू आणि सिग्नलचा मेंदू आपसात बोलून सगळं ठरवत, आणि तरीही गाडी उशिरा येई. विज्ञानाला यापुढं जाता आलं नव्हतं. सुनेत्राबाई बसस्थानकात नियंत्रक होत्या. नियंत्रकाचं काम एवढंच, की पडद्याकडं बघत बसायचं आणि कोणी विचारलं तर "येईल" म्हणायचं. दुसऱ्या कोणी या खुर्चीत बसून सुखानं वजन वाढवलं असतं. सुनेत्राबाईंना मात्र प्रत्येक उशीर आपला वाटे. पुलावर म्हैस आडवी बसली म्हणून गाडी थांबली, तरी म्हशीऐवजी या ओशाळत.

घरीही तेच. भाजीत मीठ जास्त पडलं की ती भाजी त्या एकट्या संपवत, शिक्षा म्हणून. कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की "उगाच तुम्हाला त्रास" म्हणून माफी मागत. दिवसभर मनातल्या मनात "बावळट", "अक्कल नाही", "वय काय तुझं" असं चालू असे. ते मनात असलं तरी ओठ हलत, आणि ओठ हलले की भरतेश मगदूम, म्हणजे त्यांचे यजमान, वर्तमानपत्र खाली ठेवत.

"कोणाला शिव्या देतीयेस?"

"कुणाला नाही. मलाच."

"मग जरा मोठ्यानं दे. मलाही कळू देत काय केलंस ते."

भरतेश हायस्कुलात भूगोल शिकवत. पृथ्वीवरची सगळी वादळं कशानं होतात हे त्यांना ठाऊक होतं, पण हे एक घरातलं त्यांच्या आवाक्यात येईना. बाईंची झोप गेली, पित्त वाढलं, केस गळायला लागले, आणि केस गळतात याबद्दलही त्या स्वतःला बोलू लागल्या. तेव्हा भरतेश त्यांना डॉ. वैजयंती आवटींच्या संशोधन केंद्रात घेऊन गेले.

"अगदी सोपं आहे, मगदूमसर," डॉ. आवटी म्हणाल्या. शास्त्रज्ञानं असं म्हटलं की ऐकणाऱ्यानं खुर्चीचे हात धरावेत. "समजा, पाहुण्याच्या हातून तुमच्याकडचा कप फुटला. तुम्ही काय म्हणाल?"

"असू दे हो, जुनाच होता."

"नवा असला तर?"

"नवा असला तर जास्तच म्हणणार."

"आणि तुमच्या हातून फुटला तर, सुनेत्राताई?"

"मी नवीन कपाला हातच लावत नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी समाधानानं मान हलवली. कप तोच, फुटणं तेच, आणि निकाल दोन. हे कसं होतं ते त्यांनी शोधून काढलं होतं. कपाळाच्या मागं मेंदूचा एक भाग असतो. समोर आलेली प्रत्येक गोष्ट तिथं क्षणभर थांबवली जाते आणि एकच चौकशी होते: आपलं की परक्याचं? डॉ. आवटींनी त्या भागाला 'आपपर-नाका' असं नाव दिलं होतं. परक्याची चूक असली की ती नाक्यावरून दयेच्या रस्त्याला लागते. आपली असली की सरळ कोर्टात. म्हणजे माणसाकडं दया कमी असते असं नाही. दया रग्गड असते, फक्त ती घरपोच मिळत नाही.

यावर डॉ. आवटींनी एक बटणाएवढं यंत्र बनवलं होतं. ते कानामागं चिकटवायचं. त्यातून चुंबकीय लहरींचे अगदी हलके ठोके निघतात आणि नाक्यावरचा पहारेकरी आपल्या चुकांनाही परक्यांच्या रांगेतून सोडतो. स्वतःकडं परक्यासारखं बघण्याच्या या अवस्थेला त्यांनी 'परभाव' म्हटलं, आणि यंत्राला 'परभावक'.

"परका म्हणजे कोण परका?" भरतेशनं विचारलं. "परके पण चिक्कार प्रकारचे असतात, मॅडम."

"चांगला प्रश्न. आम्ही सगळे तपासले. शेजारी घेऊन बघितला, तर गाडी लावायच्या जागेचा विषय निघाला. भाऊ घेतला, तर बांधाचा निघाला. मग नवरा-बायको घेतले."

"त्याचं काय झालं?"

"त्या विभागाचं काम आम्ही थांबवलं." त्यांनी चष्मा पुसला. "शेवटी एकच नातं असं सापडलं, की ज्यात आपली माणसं ठरवून दिल्यासारखी चांगली वागतात. पाहुणा. आमचं यंत्र पाहुण्यावर बेतलेलं आहे. ताई स्वतःशी पाहुण्यासारख्या वागतील."

हे गावात सगळ्यांना इतकं पटलं, की जो तो यंत्र लावून घेऊ लागला, आणि पुढं त्या यंत्राला परभावक कोणी म्हणेना. लोक त्याला 'पाहुण्या' म्हणू लागले.

पाहुण्या कानामागं बसला त्याच्या दुसऱ्या सकाळी सुनेत्राबाईंनी काचेच्या कपाटातली सोनेरी काठाची कपबशी काढली. ती लग्नात आली होती आणि तेव्हापासून कपाटातच राहत होती. त्यांनी आलं आणि गवती चहा घालून स्वतःसाठी चहा ठेवला. दूध उतू गेलं. भरतेश सवयीनं दारातच थबकले.

"असू दे," सुनेत्राबाई ओट्याकडं बघत म्हणाल्या. "दूधच आहे."

भरतेशनं ओटा पुसायला घेतला आणि तेच फडकं उगाच एकदा डोळ्यांना लावलं. डोळ्यांना दुधाचा वास बराच वेळ येत राहिला.

पुढचे दिवस बरे गेले. बाई दुपारी पाठ टेकू लागल्या, आणि टेकताना धुतलेली चादर घालू लागल्या. नदीवर फिरायला गेल्या तर स्वतःसाठी गजरा घेऊन आल्या. स्थानकात एक प्रवासी गाडीच्या उशिरावरून अंगावर आला, तेव्हा "येईल हो, तिलाही दम लागत असेल" म्हणाल्या. पित्त गेलं. झोप आली. भरतेशनं शाळेत पेढे वाटले आणि कशाचे ते सांगितलं नाही.

मग एका सकाळी त्यांनी पोह्यांची बशी पुढं केली.

"नको," सुनेत्राबाई म्हणाल्या. "आत्ताच झालंय."

"काय झालंय? आत्ता तर उठलीस."

"नाही, खरंच नको. घरून खाऊनच निघालेय."

भरतेशला ती थट्टा वाटली. ते हसले. सुनेत्राबाईही हसल्या, पण पाहुणे हसतात तसं, नेमकं कशाला ते न कळता.

त्यानंतर त्या सोफ्याच्या कडेला बसू लागल्या, मांडीवर पर्स घेऊन. घामानं निथळल्या तरी पंखा लावेनात. टीव्हीवर काय लावू म्हटलं तर "तुम्ही बघता तेच चालू दे." फ्रीज उघडायचा नाही, कपाटाला हात लावायचा नाही, आणि संडासला जायच्या आधी "जाऊन येऊ का जरा?" पाठ दुखायला लागली की पूर्वी त्या स्वतःला चार शिव्या देत, पण शेकायची पिशवीही घेत. आता विचारलं की म्हणत, "छे, छान आहे सगळं." तहान लागली तरी कोणी पाणी विचारेपर्यंत बसून राहत. भरतेश शाळेत गेले की विचारायला कोणीच नसे.

नवऱ्याला त्या मगदूमसर म्हणू लागल्या.

भरतेश पुन्हा केंद्रात गेले. डॉ. आवटींनी पडद्यावर यंत्राची नोंद उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाहुणचार उत्कृष्ट चाललाय, सर. असे आकडे मी अजून बघितले नव्हते."

"पाहुणचार चाललाय, मॅडम. पाहुणा जेवत नाहीये."

डॉ. आवटींनी पडदा बंद केला. मग त्यांनी कागदावर दोन गोल काढले. माणूस स्वतःकडं परक्यासारखा बघायला लागला, की मनात दोघं तयार होतात: एक बघणारा, एक बघितला जाणारा. बघणाऱ्याला यंत्रानं चांगला यजमान व्हायला शिकवलं. बघितला जाणारा काय करील याचा विचार केला नव्हता.

"तो आपणहून पाहुणा झाला," त्या म्हणाल्या. "हे आमच्या मोजमापातच नव्हतं."

"तुम्ही कधी कुणाकडं पाहुण्या म्हणून गेला नाही का?"

"गेले की."

"मग पोटभर जेवलात?"

डॉ. आवटींनी गोलांचा कागद उलटा केला. "घरी येऊन जेवले," त्या म्हणाल्या.

"झालं तर मग. एवढं मोठं केंद्र बांधलंत, एसी लावलात, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नाही."

उपाय म्हणून डॉ. आवटींनी यंत्रातला आग्रह वाढवून दिला. आग्रह म्हणजे यजमान भागाचा जोर. तो वाढला की पाहुणा नाही म्हणूच शकणार नाही, असा हिशेब. पण आग्रह वाढला की नकारही तितकाच वाढतो, हे या मुलखात लहान पोरालाही माहीत असतं. आग्रहाशिवाय 'हो' म्हणणारा पाहुणा हावरट ठरतो, आणि आग्रहानंतर लगेच 'हो' म्हणणारा त्याहून हावरट.

त्या संध्याकाळी सुनेत्राबाई ताटावर बसल्या. मगदूम जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळं ताट लवकरच वाढलं होतं. बाईंचे ओठ हलू लागले. भरतेशनं कान लावला.

"घ्या की एक भाकरी."

"नको हो, खूप झालं."

"कुठं खूप झालं, पहिलीच तर आहे."

"तरीपण नको. अर्धी द्या."

"अर्धी कशी देऊ, बरं दिसतं का ते?"

"मग राहू दे."

दोन्ही बाजू सुनेत्राबाईच बोलत होत्या, आणि दोन्ही बाजू इतक्या मनापासून, की मध्ये पडायला जागा नव्हती. भरतेश एकदा खिडकीकडं बघत, एकदा ताटाकडं. सूर्य समोरच्या गच्चीच्या कठड्याला टेकला. "अगं, खा आता," ते म्हणाले. "बघा, तेसुद्धा म्हणतायत," यजमानबाई म्हणाल्या. "त्यांना कशाला त्रास," पाहुण्याबाई म्हणाल्या. सूर्य मावळला. ताट तसंच उचललं गेलं.

दुसऱ्या दिवशी भरतेशनं पाहुण्या स्वतःच्या हातानं काढून टाकला आणि पाण्याच्या टाकीमागं फेकला. काही फरक पडला नाही. डॉ. आवटींनी फोनवर समजावून सांगितलं, की शेतातून लोक रोज चालले की पायवाट मळते, आणि मग कुंपण काढलं काय अन् ठेवलं काय, लोक तिथूनच जातात. मेंदूचंही तसंच आहे. नाक्यावरचा पहारेकरी आता शिकला होता.

"त्याला परत कसं शिकवायचं?"

"त्यांना स्वतःचा राग यायला पाहिजे. एकदा आला तरी वाट मोकळी होईल."

"मग येईल असं औषध द्या."

"असं औषध द्यायला आम्हाला परवानगी नाही, सर. आम्ही मनःस्वास्थ्यवाले."

भरतेशनं मग स्वतःच विचार केला. घरच्या माणसाशी आपण कसं वागतो? त्याला ओरडतो आणि वाढतो, दोन्ही एकदमच. त्याला कान तुटलेला कप देतो, आणि तो कप त्याचा असतो. त्याला "असू दे" म्हणत नाही, पण त्याच्या वाटणीची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवतो. त्यांनी ठरवलं, बायकोला इतकं घरच्यासारखं वागवायचं, की तिला परत घरचं व्हावंच लागेल.

"चहा संपलाय," ते खेकसले. "पाहिजे तर करून घे."

"असू दे," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मी घरी जाऊन घेईन."

"आणि ही ताटं कोण उचलणार? मी एकटाच राहतो का या घरात?"

सुनेत्राबाई चटकन उठल्या. "द्या ना, मी घासते." त्यांनी पदर खोचला, दोन्ही ताटं उचलली आणि मोरीकडं निघाल्या. भरतेश आशेनं उठून उभे राहिले. आणि तेवढ्यात त्यांच्या तोंडून, जन्मभराच्या वळणानं, निघून गेलं:

"नको नको, राहू द्या, तुम्ही बसा हो."

सुनेत्राबाईंनी ताटं खाली ठेवली आणि सोफ्याच्या कडेला जाऊन बसल्या. भरतेश मोरीत जाऊन स्वतःला पुष्कळ बोलले. ते त्यांना अजून जमत होतं.

त्याच दुपारी चहा झाला. सुनेत्राबाईंनी पर्स काखेला लावली. "निघते आता," त्या म्हणाल्या आणि चपला घालून उंबऱ्यावर बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या: हवा, भाज्यांचे भाव, भरतेशच्या शाळेचा निकाल. मग म्हणाल्या, "फार छान वाटलं हं तुमच्याकडं. तुम्ही पण या एकदा आमच्याकडं."

"कुठं येऊ?" भरतेशनं विचारलं.

"घरी."

"पत्ता सांग."

सुनेत्राबाईंनी आठवून बघितलं. कपाळावर आठी आली, गेली. "कळवते," त्या हसून म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

त्या बसस्थानकात सापडल्या. नियंत्रकाच्या खुर्चीत नाही, प्रवाशांच्या बाकावर. खुर्चीत कोणी बसलेलं नव्हतं आणि पडदा एकटाच चालू होता. बाकावर आणखी माणसं होती: निवृत्त मुख्याध्यापक हुपरे, औषधांच्या दुकानातले नवरा-बायको, आणि भरतेशच्या ओळखीचे निम्मे पालक. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या, सगळ्यांच्या तोंडावर तेच प्रसन्न हसू, सुनेत्राबाई सोडून सगळ्यांच्या कानामागं बटण. सगळे घरी निघाले होते. गाडी आली. दार उघडलं.

"आधी तुम्ही," हुपरेगुरुजी म्हणाले.

"छे, आधी तुम्ही," औषधवाले म्हणाले.

"तुम्ही वडील माणूस."

"मला काही घाई नाही हो."

गाडी थांबली, नियमाप्रमाणं वाट बघितली आणि रिकामी निघून गेली. कोणालाच वाईट वाटलं नाही. दुसरी येणार होती.

"सुनेत्रा, घरी चल," भरतेश म्हणाले.

"नको हो, उगाच तुम्हाला त्रास."

ते रागावले. उपयोग झाला नाही. हाताला धरलं, तर तिनं परक्या पुरुषानं हात धरल्यासारखा हात काढून घेतला. भरतेश तिच्या शेजारी बसले. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं लांब बसल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. जरा वेळानं ते उठले, समोर येऊन हात जोडून उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "आम्ही इथं जवळच राहतो. जेवायची वेळ झालीय. दारावरून असं कसं जाऊ देऊ तुम्हाला?"

"थोडा वेळच हं मग," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि भिडेखातर उठल्या.

तेव्हापासून हे रोज चाललंय. रोज संध्याकाळी भरतेश स्थानकावर जाऊन स्वतःच्या बायकोला जेवायला बोलावतात. रोज ती येते, अर्धी भाकरी खाते, वाढणाऱ्याचं कौतुक करते, पाहुण्यांच्या खोलीत अंग चोरून झोपते आणि दुसऱ्या दुपारी निघते. तिचं वजन उतरत चाललंय. आपल्यामुळं यजमानांना त्रास होतोय असं तिला वाटतं, म्हणून ती आणखी कमी खाते.

भरतेश शेवटचे केंद्रात गेले ते भांडायलाच. डॉ. आवटींसमोर चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. भरतेशनं सगळं सांगितलं. गाव निम्मं स्थानकात बसलंय, गाड्या रिकाम्या पळतायत, बायको वाळत चाललीय. तुमच्या हातून चूक झालीय, मॅडम. मोठी चूक.

"झाली," डॉ. आवटींनी लगेच मान्य केलं. त्यांच्या स्वरात कळवळा होता. "पण किती कष्ट घेतले होते हो तिनं."

"कुणी?"

"वैजयंतीनं." त्यांनी स्वतःच्या छातीवर हलकेच हात ठेवला. केस मागं गेले, तेव्हा कानामागचं बटण दिसलं. "रात्रंदिवस राबली बिचारी. चुकतं एखाद्याचं. असू दे."

मग भरतेश, केंद्र ज्याच्या हाताखाली चालतं, त्या मनःस्वास्थ्य प्राधिकरणात गेले. तिथले कारकून, अधिकारी, अधिकाऱ्यांचे वरिष्ठ सगळे उठून उभे राहिले, सगळ्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, आणि चूक दाखवल्यावर सगळ्यांनी ती प्रेमानं कबूल केली. कबूल करून ते एकमेकांकडं मायेनं बघत राहिले. साऱ्या कचेरीत चिडलेला माणूस एकच होता, आणि तो तक्रारदार होता. दारातल्या शिपायानं त्यांना लेखी द्यायला सांगितलं. भरतेशनं तिथंच उभं राहून लिहून दिलं:

"मा. संचालक, मनःस्वास्थ्य प्राधिकरण, यांस. विनंती अर्ज करतो की, माझी पत्नी सौ. सुनेत्रा भरतेश मगदूम हिला दिवसातून एकदा तरी स्वतःवर रागावण्याचे, व त्यानंतर पोटभर जेवण्याचे आदेश व्हावेत. ते आपल्या अधिकारात बसत नसल्यास, आपल्या कार्यालयातील कोणाही एका जबाबदार व्यक्तीने, सवडीप्रमाणे, तिच्याबद्दल थोडे वाईट वाटून घ्यावे, व तसे वाटल्याचे अर्जदारास लेखी कळवावे, ही नम्र विनंती."